घरात डिमेन्शिया, बाहेर कोविड: बेळगाव-निपाणी-खानापूरकरांनो, तुम्ही कसं काढलंत?

अनगोळची_बाई | २४ सप्टेंबर २०२३, रात्री ११.४०

परवा २१ तारखेला जागतिक अल्झायमर दिन होता. दिवसभर फोनवर ‘आईवडिलांची सेवा हीच ईश्वरसेवा’ छापाची चित्रं येत होती. त्या दिवशी दुपारपर्यंत अप्पांची तिसरी चादर ओली झालेली, पावसामुळे आधीच्या दोन वाळलेल्या नाहीत आणि घरात गौरी यायच्या होत्या. फोन पालथा घातला. काल गौरी-गणपती गेले, म्हणून आज लिहायला बसले.

अप्पा पोस्टमन होते. टिळकवाडीत एकतीस वर्षं टपाल वाटलं. २०१८ मध्ये डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? सांगता आलं नाही. पिनकोड कुणी विचारला नव्हता, तो मात्र आपणहून सांगितला. पाच नऊ शून्य शून्य शून्य सहा. निदान अल्झायमर्सचं झालं, म्हणजे स्मृती पुसत नेणाऱ्या डिमेन्शियाचाच एक प्रकार. आई आधीच गेलेली, भाऊ पुण्यात, मी मराठी शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. म्हणजे कोण सांभाळणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

रोज सकाळी नऊला अप्पा खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघायचे, थेट त्यांच्या जुन्या बिटावर, म्हणजे टपाल वाटायच्या गल्ल्यांत. पहिल्यांदा मी घाबरून मागे मागे गेले. मग कळलं, साडेबाराला बरोबर परत येतात. पुढं लक्षात आलं की ते येत नव्हते, त्यांना आणलं जात होतं. एक शिंपी त्यांना बसवून घ्यायचा, एक आजी चहा द्यायच्या, किराणावाला रस्ता ओलांडून द्यायचा, आणि वळण चुकलं तर कोणीतरी ‘पोस्टमनकाका, हिकडनं’ म्हणायचंच. मी शाळेत निवांत. वर लोकांना सांगायची, मी एकटी सांभाळते!

२४ मार्च २०२०ला रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच एकटीवर आलं.

तीन दिवस अप्पा फाटक हलवत उभे. ‘टपाल पडून राहिलंय.’ चौथ्या दिवशी दूधवाल्याच्या मागून निसटले. कोपऱ्यावर पोलीस. त्या पोरानं दटावलं तर अप्पा म्हणाले, ‘रजिस्टर आहे, सही लागेल.’ त्यानं पिशवीत बघितलं. आत माझा नॅपकिन आणि एक कांदा. तो स्वतः घरापर्यंत सोडून गेला, जाताना मला म्हणाला, ‘बाई, कुलूप घाला.’

घातलं. वडिलांना कुलपात ठेवलं. नंतर कुलूप दिसलं की ते भडकायचे, म्हणून त्यावर जुनं पंचांग टांगलं.

मग एक उद्योग काढला. चपलांचे बारा खोके, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात गल्लीचं नाव. लग्नपत्रिकांची, विम्याच्या नोटिशींची जुनी पाकिटं गोळा केली. अप्पा दोन तास टपाल लावायचे, तेवढ्यात मी ऑनलाइन तास घ्यायचे. एकदा अपूर्णांक शिकवताना मागून आवाज आला, ‘मनिऑर्डर!’ चौथीची पोरं अजून मला त्यावरनं हसतात. दुपारी मी ती पाकिटं परत मिसळून ठेवायचे. रोज. संध्याकाळी पाचनंतर मात्र खोके चालत नसत. ‘घरी जायचंय’ सुरू व्हायचं, स्वतःच्या घरात बसून. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

मे २०२१ मध्ये मी पॉझिटिव्ह आले. ‘वेगळ्या खोलीत राहा’ असा सल्ला. मी आतल्या खोलीत, अप्पा बाहेर, दर पाच मिनिटांनी दारावर थाप. ‘दार उघड ग. कोण हाय आत?’ शेजारच्या वहिनी फाटकावर डबा ठेवायच्या, पण तो भरवणार कोण? दोन मास्क लावून मीच भरवलं. त्यांनी मास्क ओढला. ‘तोंड दाखव. कोण तू?’ भाऊ पुण्याहून निघायला तयार, पण कर्नाटकात यायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा. स्वॅब दिल्यावर रिपोर्ट हातात यायला अडीच दिवस. उरलेल्या बारा तासांत महाराष्ट्राचा ई-पास मिळेना. पुन्हा स्वॅब. तो सहाव्या दिवशी पोचला. तोवर अप्पांनी जेवण सोडलेलं, नुसते झोपून. ताप नाही, खोकला नाही. म्हणून मला वाटलं, रुसलेत. तेही पॉझिटिव्ह निघाले. वाचले.

सगळं उघडल्यावर दिवाळीनंतर एकदा पिशवी खांद्याला देऊन मीच त्यांना बिटावर घेऊन गेले. शिंप्याच्या जागी मोबाइलचं दुकान. आजी गेल्या होत्या. दोन घरं पाडून अपार्टमेंट उभं राहत होतं. अप्पा पहिल्या वळणावर थांबले, पायात जोर नव्हता, आणि मागं फिरले. पुन्हा गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजार तसाही वाढलाच असता. असेल. दीड वर्ष चालले असते तर कसे असते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्याकडं काय झालं? उपदेश नको. प्राणायाम तर नकोच नको.

निपाणीची_सून | २५ सप्टेंबर, सकाळी ६.१०

ताई, पंचांग टांगलेलं वाचून हसलो आणि मग रडलो. (मी ‘जातो-येतो’च लिहिणार, आमच्याकडं बायका असंच बोलतात.)

आमच्या सासूबाई. नणंद कागलात. निपाणीतनं कागल म्हणजे काय ओ, चहा निवायच्या आत पोचतंय. दर गुरुवारी ती यायची, सासूबाईंना न्हाऊ-माखू घालायची, तेवढ्यात मी बाजार करून आईकडं तासभर जाऊन यायचो. आठवड्यातला तो एक वार माझा. महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला आणि गुरुवार बंद झाला. पास काढून यायचं म्हटलं तर महाराष्ट्रातनं आलेल्याला आठवडाभर सरकारी क्वारंटाइन. एका अंघोळीसाठी कोण सात दिवस शाळेत जाऊन झोपणार?

नवरा घरीच होता, कामधंदा बंद. लोकांना वाटतं, माणूस घरात होतं म्हणजे मदत झाली. तो वरच्या खोलीत बातम्या बघायचा. वर त्याचं जेवण, पोरांचं जेवण, सासूबाईंचं तीनदा सांडलेलं जेवण. बाई जेवली का, हे कुणी बघितलं न्हाई.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली न्हाई. २०२०च्या ऑगस्टात, एका रात्रीत अकराव्यांदा त्यांनी विचारलं, ‘माझी आई कुठाय?’ मी हात उचलला. गालावर. त्या रडल्या न्हाईत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘बाई, तुला कोण मारतंय का घरात?’

त्या गेल्या वर्षी वारल्या. एवढंच.

जुना_जाणता | २५ सप्टेंबर, सकाळी ९.०२

सगळं वाचलं. सहानुभूती आहे. पण आमच्या आजीला म्हातारचळ लागला होता, तेव्हा एकत्र कुटुंबात कुणाला पत्ताही लागला नाही. आता नाव इंग्रजी मिळालं म्हणून त्रास वाढलाय का? विचार करा.

मलप्रभेकाठी | २५ सप्टेंबर, सकाळी १०.३०

जुना_जाणता काका, ‘कुणाला पत्ता लागला नाही’ हे तुम्ही लिहिलंत. तुमच्या काकूला विचारलं होतंत का?

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. टाळेबंदीत गोव्यातनं, मुंबईतनं सगळे परतले, घरात सतरा माणसं. एकत्र कुटुंबच की. आजीला मात्र एकटी धाकटी काकू बघायची. बाकीच्यांमुळं आजी उलट जास्त बावरली, कारण निम्मी तोंडं तिला अनोळखी. रोज रात्री ‘घरात चोर शिरलेत’ म्हणून ओरडायची. चुलतभाऊ चिडून गोठ्यात झोपायला जायचे. काकू कुठं जाणार?

टाळेबंदीच्या सुरुवातीलाच टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोनवरून तपासून औषध लिहिणं कायदेशीर झालं. आमच्या डॉक्टरांनी आनंदानं व्हिडिओ कॉलची वेळ दिली. गावात रेंज नाही. आजीला पाटकुळी घेऊन टेकडीवर नेलं, तिथं दोन कांड्या आल्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, हे कोण?’ आजी म्हणाली, ‘माकड.’ मीच होतो, उत्तर अगदीच चूक नव्हतं. पण चार मिनिटांच्या त्या कॉलसाठी अख्खा दिवस मोडला, आणि पुढं महिनाभर आजी टेकडी दिसली की थरथरायची.

गोळीवाला | २५ सप्टेंबर, दुपारी ३.१५

मेडिकल दुकान आहे, बेळगावातच. काउंटरच्या आतून दिसलेलं सांगतो.

एप्रिल-मे २०२० मध्ये डोनेपेझिल, मेमँटीन या डिमेन्शियाच्या गोळ्या घेणारी नेहमीची गिऱ्हाइकं गायब झाली. काहींची गोळी सीमेपलीकडचे, चंदगड-गडहिंग्लजकडचे नातेवाईक नेऊन द्यायचे, ते अडकले. काहींनी मधेच बंद केली. ‘तशीही काय उपयोग होत नव्हता’ असं म्हणत. या गोळ्यांनी आजार बरा होत नाही हे खरंय, पण डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या तर कधी कधी माणूस झपकन खाली येतं. तसं झालेलं मी तीन घरांत बघितलं.

दुसरं, जूननंतर काउंटरवर एकच मागणी. ‘झोपेची काहीतरी द्या.’ पेशंटसाठी म्हणायचे. एकजण तर पेशंटला वर्षापूर्वी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आला, आणि बोलता बोलता म्हणाला की गोळी बायकोला हवी, तीच रात्रभर जागी असते. आणि कृपा करून ऐका, शेजारच्या पेशंटला चालली म्हणून ‘शांत करायची’ गोळी आणू नका. त्यातल्या काहींनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. डॉक्टर देतात तेव्हा तोलूनमापून, थोड्या दिवसांसाठी देतात.

बीपीचं मशीन काउंटरवर असतं. सांभाळणाऱ्या बायकांना मी ‘बसा, बघू’ म्हणायचो. ‘नंतर बघू, घरी एकटेच आहेत’ हे ठरलेलं उत्तर.

निपाणीची_सून | २५ सप्टेंबर, रात्री १०.५०

गोळीवाला दादा, माझं १८०/११० निघालं होतं. सासूबाई गेल्यावर, तेराव्यानंतर तपासलं.

बेळगावी_नव्हे_बेळगाव | २६ सप्टेंबर, सकाळी ८.००

धागाकर्तीनं शीर्षकात ‘बेळगाव’ लिहिलं याबद्दल अभिनंदन. २०१४पासून सरकार दरबारी काहीही असो...

ॲडमिन | २६ सप्टेंबर, सकाळी ८.२०

त्यासाठी वेगळे सव्वीस धागे आहेत. इथं नको, प्लीज.

लेस्टरची_लेक | २६ सप्टेंबर, दुपारी १.४५

माहेर बेळगावातलं वडगाव. आई तिथं, मी इंग्लंडमध्ये, आणि इथं माझे सासरे डिमेन्शियाचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी जळाले.

लोकांना वाटतं तिकडं सगळी सोय. मार्च ते जून २०२० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कोविडनं जी माणसं गेली, त्यातल्या साधारण चौघांमागे एकाला आधीपासून डिमेन्शिया होता. हे इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाचे आकडे. वृद्धाश्रमांत भेटी बंद. नवरा काचेबाहेर उभा राहून वडिलांना हात करायचा, ते काचेला हात लावून ‘हा माणूस आत का येत नाही’ विचारायचे. इथल्या अल्झायमर्स सोसायटीनं त्याच वर्षी हिशेब मांडला होता की टाळेबंदीपासून सप्टेंबरपर्यंत घरच्यांनी आणि मित्रांनी डिमेन्शियाच्या पेशंटसाठी नेहमीपेक्षा ९ कोटी २० लाख तास जास्तीचे दिले.

तो आकडा वाचला तेव्हा वाटलं, निदान कुणीतरी मोजलं. वडगावात माझी मावशी आईजवळ बसायची, तिचे तास कुठल्या वहीत आहेत? इथं आठवड्याला ३५ तास सांभाळणाऱ्याला सरकारी भत्ता मिळतो. २०२० मध्ये आठवड्याला सदुसष्ट पौंड होता. इथल्या मानानं चिल्लरच, वर अटी पुष्कळ. पण फॉर्मवर त्या माणसाला नाव आहे, ‘केअरर’. मराठीत मावशीला काय म्हणू? मावशीच.

मी पैसे पाठवायचे. मावशी म्हणायची, ‘पैसे नको ग, एक रात्र पाठव.’

अनगोळची_बाई | २६ सप्टेंबर, रात्री ११.५५

एक रात्र पाठव. काय बोलल्या मावशी!

भत्त्याचं निघालंय म्हणून सांगते. केरळात ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये. सहाशेत डायपरचं पाकीटही धड येत नाही. तरी तिथं कुणाच्या तरी डोक्यात आलं की सांभाळणारा वेगळा मोजायचा असतो.

सूनबाई, तुमची ती रात्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी हात उचलला नाही, पण एकदा अप्पांना बाथरूममध्ये कोंडून मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं. खाली आले तर ते नळाखालची बादली भरून ठेवून माझी वाट बघत होते.

शिनोळी_फाटा | २७ सप्टेंबर, सकाळी ७.३०

आम्ही चंदगड तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्र. पण दवाखाना, बाजार, लग्नाचं कापड, सगळं बेळगावात. बाबांचे न्यूरोचे डॉक्टर पण तिथलेच. पहिल्या टाळेबंदीत रस्त्यावर माती ओतून वाट बंद. कोल्हापूर शंभर किलोमीटर, बेळगाव वीसेक, आणि जायचं कोल्हापूरला.

नंतर प्रत्येक खेपेला बाबांच्या नाकात काडी. तुम्हा-आम्हाला दोन सेकंद. बाबांना कळत नाही की हा माणूस नाकात का खुपसतोय. तिघांनी धरायचं. दुसऱ्या वेळेला त्यांनी टेक्निशियनला चावलं, तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, राहू दे. डॉक्टरकडं आठ महिने नेलंच नाही. आता कुणी पांढरा कोट घातलेला दिसला की नाक धरतात.

सिस्टर_निवृत्त | २७ सप्टेंबर, दुपारी २.००

तीस वर्षं नर्सिंग केलं, शेवटची वर्षं मनोरुग्णांत. अनगोळच्या बाई, तुमचे अप्पा रुसले नव्हते, ते डिलिरियम असणार, म्हणजे अचानक आलेला बुद्धिभ्रम. म्हाताऱ्या मेंदूत संसर्गाची पहिली खूण ताप नसते. एक-दोन दिवसांत अचानक पेंगणं, खाणं सोडणं किंवा उलट एकदम सैरभैर होणं, हीच खूण. डिमेन्शिया महिन्या-महिन्यानं सरकतो, डिलिरियम एका रात्रीत येतो. कोविड असो, लघवीचा जंतुसंसर्ग असो, एका दिवसात माणूस बदललेलं दिसलं तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तुम्ही ओळखायला हवं होतं असं मी म्हणत नाहीये. तापात पडलेल्या माणसानं काय काय ओळखायचं?

आणि आपल्या भागातली एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. वॉर्डात एक आजोबा होते, आयुष्यभर कचेरीत कन्नड लिहिलं-बोललं. आजारात कन्नड पुसून गेलं, राहिली आईची मराठी. वॉर्डातल्या पोरी कन्नड, वरून पीपीई किट, तोंड झाकलेलं, डोळ्यांवर गॉगल. ‘ऊटा माडी, ऊटा माडी’ म्हणत ताट पुढं करायच्या. आजोबा भिंतीकडं तोंड करून. मी फोनवरून त्यांच्या सुनेला विचारलं, घरी जेवायला काय म्हणून हाक मारता? ती म्हणाली, ‘आबा, दोन घास खाताय न्हवं?’ कन्नड पोरीनं ते चार शब्द तळहातावर कानडी अक्षरांत लिहून घेतले. त्या रात्री आबा जेवले. आमच्या हुबळीकडच्या कन्नड म्हाताऱ्यांचं कोल्हापुरात उलट होत असणार, यात राजकारण शोधू नका.

माहितीपुरतं. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरात सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण ८८ लाख. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिथं दाखवता येतं. आणि १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर, मानसिक आरोग्याच्या मदतीचा, फुकट. तो पेशंटसाठी जितका, तितकाच तुमच्यासाठी. निपाणीच्या ताई, तुमच्यासाठी लिहितेय.

जुना_जाणता | २७ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

काल बहिणीला फोन करून विचारलं. आजीला धाकटी काकू बघायची. अकरा वर्षं. काकूचं माहेर हुक्केरी, त्या अकरा वर्षांत तीनदा गेली म्हणे. मला खरंच माहीत नव्हतं. आधीची पोस्ट ठेवतो, पुसत नाही.

मलप्रभेकाठी | २७ सप्टेंबर, सायंकाळी ७.०५

काका, 🙏

तिसरं_गेट | २८ सप्टेंबर, सकाळी ९.२०

गेले चार दिवस नुसता वाचतोय. लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही, घरात असा पेशंट नाही. टिळकवाडीत राहतो, बँकेतून निवृत्त, रविवारी दुपारी रिकामा असतो. गोळीवाल्यांनी आणि सिस्टरनी मिळून सांभाळणाऱ्यांना एकदा भेटावं असं सुचवतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी. जागा मी बघतो, आमच्या सोसायटीचा हॉल असतो मोकळा.

सिस्टर_निवृत्त | २८ सप्टेंबर, सकाळी ११.००

मी येईन. बीपीचं मशीन घेऊन.

अनगोळची_बाई | २९ सप्टेंबर, रात्री १२.१५

कल्पना चांगली आहे, पण तिथंच तर घोडं अडतं. अप्पांना सोडून मी येणार कशी? भेटीला सांभाळणारे यायचे म्हणजे त्या दोन तासांत सांभाळणार कोण, ते आधी ठरवा.

तिसरं_गेट | २९ सप्टेंबर, सकाळी ७.४५

बरोबर आहे, सुचलंच नाही. मग असं करू. हॉलची किल्ली सिस्टरकडं देतो, मी तुमच्याकडं येऊन बसतो. अप्पांशी काय बोलायचं तेवढं सांगा.

अनगोळची_बाई | २९ सप्टेंबर, रात्री १०.३०

काही बोलावं लागत नाही. ते सही मागतील, ती करा. वेळ विचारली तर साडेबारा सांगू नका, घरी निघतील. खोके आता बारा नाहीत, चारच उरलेत, जास्त झाले की गोंधळतात. आणि तुमच्याकडं जुनी पाकिटं असली तर घेऊन या, आमची हाताळून हाताळून फाटलीत. पत्ते बेळगावचे नसले तरी चालतील. ती ते ‘बाहेरगाव’च्या खोक्यात टाकतात.